मध कुठला, हे कसे ठरवावे?

मध शुद्ध आहे का, हा एक प्रश्न झाला. तो लेबलवर लिहिलेल्या रानाचा किंवा फुलाचा आहे का, हा दुसरा, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते. पाण्यात थेंब सोडणे, मधात बुडवलेली वात पेटवणे या घरगुती परीक्षा तर पहिल्या प्रश्नालाही पुरत नाहीत. त्यांतून फार तर मधाचा दाटपणा कळतो.

शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या परीक्षांत मला सर्वांत देखणी वाटते ती कार्बनची परीक्षा. ऊस आणि मका हवेतला कार्बन ज्या पद्धतीने शोषतात ती मधमाश्यांच्या बहुतेक फुलझाडांहून निराळी आहे, त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-13, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, किंचित अधिक असतो. मधातली प्रथिने वेगळी काढून त्यांचे कार्बनमूल्य, म्हणजे कार्बन-13 चे प्रमाण, सबंध मधाच्या मूल्याशी ताडून पाहतात. पाक मिसळणारा साखर वाढवतो, पण प्रथिनांना हात लावू शकत नाही. दोन्ही मूल्यांत प्रतिसहस्र 1 चा फरक पडला, की सुमारे 7 टक्के भेसळ धरली जाते.

तांदूळ आणि बीट यांच्या पाकापुढे मात्र ही परीक्षा आंधळी ठरते, कारण त्यांचा कार्बन फुलझाडांसारखाच असतो. 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँडचे मध तपासले. त्यांतले बरेचसे भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले, पण जर्मनीतील एनएमआर चाचणीत फक्त तीनच ब्रँड टिकले. एनएमआर मधाचा सगळा रासायनिक आलेख एकदम टिपते आणि खात्रीच्या नमुन्यांच्या संग्रहाशी जुळवून पाहते. साहजिकच ज्या प्रदेशाचे नमुने संग्रहात नाहीत, तिथल्या अस्सल मधाविषयी तिचा निकाल कच्चा राहतो.

मूळ ओळखण्याचे काम न्यूझीलंडने मानुका मधासाठी नेटाने केले. मानुका आणि कानुका या झुडपांचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसत असल्याने परागगणनेवर, म्हणजे मधातले पराग मोजून फूल ओळखण्यावर, विसंबता येत नव्हते. म्हणून 2018 पासून निर्यातीच्या मानुका मधाला चार रसायने आणि मानुकाच्या परागाचा डीएनए अशी पाच अंगांची कसोटी लागू झाली. निव्वळ मानुका म्हणवून घ्यायचे, तर त्यांपैकी एका फेनिललॅक्टिक आम्लाचेच प्रमाण किलोमागे किमान 400 मिलिग्रॅम असावे लागते.

महाबळेश्वरच्या जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या मधासाठी अशी कसोटी व्हावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी आधी सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांतून, मधपाळांच्या देखत, कोणत्या बहराचा आणि कोणत्या गावचा मध आहे याची नोंद करून नमुने जमवावे लागतील. व्हायटी आणि कारवी ही झुडपे तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात. त्यांचा एक बहर हुकला, की पुढच्या नमुन्यासाठी तितकीच वर्षे थांबावे लागेल.