मॉर्फीनचं कपाट: माझा अनुभव

"मॉर्फीन ठेवू नका डॉक्टर, दोन गोळ्या कमी भरल्या तर दहा वर्षं आत." तीव्र वेदनेवरच्या या अफूजन्य औषधाबद्दल हे मी वर्षानुवर्षं ऐकलं आणि खरं सांगायचं तर त्याच्याआड लपलोही. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट ट्रॅमाडॉल या त्याहून सौम्य वेदनाशामकावर भागवायचो. नाहीच भागलं तर चिठ्ठी लिहून मिरजेला. त्या अवस्थेतला माणूस एसटीनं कसा जातो, हे विचारायचं टाळायचो.

शेवटी एका वकील मित्रानं १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदाच पुढ्यात ठेवला. नियम पाळून केलेल्या वैद्यकीय वापराला कलम ८ मध्येच सूट आहे. दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे, पण ती कायद्यानं ठरवलेल्या 'व्यावसायिक प्रमाणा'ला, म्हणजे मोठ्या साठ्याला. मॉर्फीनसाठी ते २५० ग्रॅम. भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. नोंदी धड नसतील तर त्या सूटीचा आधार कुठून आणायचा?

पूर्वी चार-पाच परवाने लागत, एक हातात येईतो दुसऱ्याची मुदत संपे. २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन धरून सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी केली. म्हणजे आपल्याकडे एफडीए, अन्न व औषध प्रशासन. मी पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना हलक्या करण्याचा कोर्स केला, अर्ज भरला, तपासणी झाली. कागदांचे हेलपाटे झाले, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात झाली. रजिस्टरात ६२, बाटलीत ६१. सिस्टर आणि मी स्टीलच्या ट्रेमध्ये गोळ्या ओतून तीनदा मोजल्या. माझे हात गार पडले होते. रात्रपाळीच्या मुलीला फोन लावला. ती सहज म्हणाली, "सर, आजोबांनी उलटी केली ना, म्हणून दुसरी दिली." दिली, पण लिहिली नव्हती. तेव्हापासून गोळी पेशंटच्या तोंडात जाण्याआधी रजिस्टर उघडतं आणि दोन सह्या होतात.

ते आजोबा पुढं घरीच गेले. दहाव्यानंतर त्यांचा मुलगा आला, खिशातून कॅलेंडरच्या कागदाची पुडी काढली. "उरल्यात. फेकायला भ्या वाटलं." नऊ गोळ्या होत्या. मी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं आणि 'परत जमा ९' पुढं त्याची सही घेतली.