तुम्ही विचारलेत म्हणून : समाधानाची सरासरी

मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतो हे कळले की ज्यांच्या घरी प्रवेशाचा विचार चालू आहे अशी माणसे मला हमखास एकच प्रश्न विचारतात : हा विषय घेतलेली मुले समाधानी असतात का? आजवर ‘असतात की’ एवढे म्हणून मी वेळ मारून नेत आलो. तुम्ही मात्र नेमका आकडा मागितलात. आकडा माझ्याकडे आहे, कारण सत्र संपताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली जाते, तीत ते १ ते ५ यांपैकी एका आकड्याभोवती गोल करतात आणि कार्यालय त्याची सरासरी काढून आम्हाला कळवते. पण तो आकडा तुमच्या हाती देण्यापूर्वी त्याच्यामागे काय असते ते सांगितले पाहिजे.

काही मुले पहिल्यापासून समाधानी असतात. ज्यांना गणित मनापासून आवडते किंवा ज्यांनी पदवीनंतरच्या नोकरीचा हिशोब आधीच मांडलेला असतो, त्यांची आमच्याबद्दल फारशी तक्रार नसते. उरलेली बहुतेक मुले एखादा प्रश्न घेऊन आलेली असतात. महागाई का वाढते, काही देश गरीब का राहिले, वडिलांचा कारखाना का बंद पडला, असे ते प्रश्न असतात, आणि पहिल्या दोन सत्रांत त्यांच्या हाती पडते ते विकलन, समतोलाची समीकरणे आणि एकमेकांना छेदणाऱ्या रेषा. ही साधने अनावश्यक आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्यावाचून महागाईवरची चर्चा कट्ट्यावरच्या गप्पांपलीकडे जात नाही. अडचण अशी की साधने हाती दिल्यानंतर मूळ प्रश्नाकडे परत जायला अभ्यासक्रमात वेळच ठेवलेला नसतो.

एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. मर्यादित उत्पन्नात दोन वस्तूंची निवड ग्राहक कशी करतो, हे उदाहरण त्याने वहीत अचूक सोडवले होते. मांडणी स्वच्छ होती आणि उत्तराभोवती पट्टीने चौकट आखलेली होती. तास संपल्यावर तो वही घेऊन आला, समीकरणातल्या लॅम्डा या ग्रीक अक्षरावर बोट ठेवून म्हणाला, “सर, याची किंमत मी काढली, पण हा आहे कोण?” उत्पन्नात किंचित भर पडली तर ग्राहकाची उपयोगिता, म्हणजे वस्तूंतून त्याला मिळणारे समाधान, कितीने वाढेल, ते सांगणारा हा आकडा आहे, असे मी त्याला समजावले. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “मग हे आधी का नाही सांगितले?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सूत्र परीक्षेत येते आणि अर्थ येत नाही, एवढेच खरे कारण होते, आणि ते त्याच्यासमोर उच्चारायला जीभ रेटली नाही.

अशी नाराजी मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो. विषय न झेपलेली मुले निमूटपणे गुण मिळवून निघून जातात. तक्रार बहुधा विषयात जीव गुंतलेली मुले करतात. जून २००० मध्ये पॅरिसमधील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जाहीर पत्रक काढले. गणित हेच साध्य होऊन बसले आहे, काल्पनिक जगांतून आम्हाला बाहेर पडायचे आहे आणि एकाच विचारप्रवाहाऐवजी अनेक प्रवाह शिकायचे आहेत, असा त्याचा रोख होता. २ नोव्हेंबर २०११ रोजी हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅनकिव यांच्या प्राथमिक अर्थशास्त्राच्या वर्गातून काही विद्यार्थी निषेध म्हणून उठून गेले. २००८ च्या आर्थिक संकटाचा अभ्यासक्रमाला जणू पत्ताच नाही, या अस्वस्थतेतून मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये स्वतःची संघटना काढली, आणि मे २०१४ मध्ये १९ देशांतील विद्यार्थी गटांनी मिळून बहुविध अर्थशास्त्र शिकवण्याची मागणी केली. कंटाळलेला माणूस एवढी उठाठेव करत नाही.

त्यांच्या तक्रारीला जुना आधारही आहे. डेव्हिड कोलँडर आणि अर्यो क्लेमर यांनी अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांत अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी करून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या क्षेत्रात यशस्वी होण्यासाठी काय लागते, असे विचारल्यावर ६५ टक्के विद्यार्थ्यांनी कोडी सोडवण्याची हुशारी अतिशय महत्त्वाची मानली. अर्थव्यवस्थेचे सखोल ज्ञान अतिशय महत्त्वाचे मानणारे जेमतेम ३ टक्के निघाले. पुढे काहीच हलले नाही असे नाही. वेंडी कार्लिन यांच्या पुढाकाराने २०१३ पासून उभ्या राहिलेल्या कोअर प्रकल्पाचे विनामूल्य पाठ्यपुस्तक विषमता आणि हवामानबदल यांसारखे प्रश्न आधी मांडते आणि साधने त्यांच्या ओघात आणते. मला हा क्रम पटतो, मात्र त्यासाठी शिक्षकाला दुप्पट तयारी करावी लागते.

आता त्या आकड्याकडे येतो. पहिल्या वर्षीच आम्ही मुलांना शिकवतो की समाधान मोजपट्टीने मोजता येत नाही. दोन माणसांच्या समाधानाची तुलना करायला शास्त्रीय आधार नाही, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये ठामपणे मांडले. १९३४ मध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन यांनी ग्राहकाचे वर्तन समजावून द्यायला पसंतीक्रम पुरेसा असतो, हे दाखवले. समवृत्ती वक्रांचे, म्हणजे सारखेच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या जोडणाऱ्या रेषांचे, सगळे प्रकरण यावर उभे आहे. हे शिकवून, त्यावर परीक्षा घेऊन, त्याच मुलांच्या हाती आम्ही प्रश्नावली देतो आणि मग एकाचे ४ आणि दुसरीचे २ यांची बेरीज करून सरासरी ३ आली असे जाहीर करतो.

लॅम्डावाला विद्यार्थी दोन दिवसांनी परत आला होता. उपयोगिता नुसता क्रम दाखवत असेल तर सगळे आकडे दुप्पट केले तरी ग्राहकाची निवड तीच राहते, पण लॅम्डा दुप्पट होतो; म्हणजे तुम्ही परवा सांगितलेल्या त्या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. इतक्या वर्षांत हे स्वतः शोधून मला सांगायला आलेला तो पहिलाच.

प्रश्नावलीवर नाव लिहायचे नसते, पण त्या सत्राच्या एका प्रतीवरचे अक्षर मी ओळखले. आकडा ३ होता, भोवती पट्टीने आखलेली चौकट होती आणि खाली अभिप्रायाच्या जागेत लिहिले होते : ‘हा आकडा केवळ क्रम दाखवतो, कृपया सरासरी काढू नये.’

कार्यालयाने काढली. ३.८ आली.