खिडकी मोगऱ्याची, खुर्ची माझी

मोगऱ्याची कुंडी घरात आणली की पहिला वाद उजेडावरून होतो. आपल्याला खोली लख्ख वाटते, झाडाला ती अंधारी असते. यात फसवतात ते आपले डोळे. उजेड कमी झाला की बाहुली आपोआप मोठी होते आणि आपल्याला फरक कळतच नाही. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो. खिडकीपासून चार पावलं आत आलं की तो काही शेकड्यांवर येतो. तेवढ्यावरही मोगरा तग धरतो, पानं हिरवीगार ठेवतो, पण कळी धरत नाही. त्याला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं. म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खिडकी त्याची आणि खुर्ची कोपऱ्यात सरकवायची आपली. हा व्यवहार मी कधीच मान्य करून टाकला आहे. वर त्याची छाटणीही न चुकता करायची, कारण कळ्या येतात त्या नव्या फुटीवर.

एवढं करून जो वास मिळतो, तो आपल्यासाठी नसतोच. मोगरा, अनंत, सोनटक्का, रातराणी... उष्ण प्रदेशातली ही मंडळी बहुतेक पांढरी किंवा फिकी, आणि दिवस कलल्यावर दरवळणारी. अंधारात रंग दाखवून काय उपयोग? म्हणून ती निशाचर पतंगांना वासानं बोलावतात. पांढरा चाफा तर यात पक्का लबाड. त्याच्या फुलात मधुरस नसतोच. मोठमोठे पतंग वासाला भुलून येतात, लांब सोंड खुपसतात, काही न मिळता निघून जातात आणि जाताना परागाची ने-आण तेवढी फुकटात करून देतात. घरात हा सगळा थाट तसाच चालू राहतो. पतंग मात्र येत नाही, त्याच्याऐवजी नाक पुढे करून आपण येतो.

पतंगावरून आठवलं. नॅथॅनिअल वॉर्ड हे लंडनचे डॉक्टर. अशाच एका मोठ्या पतंगाचा कोष त्यांनी १८२९ मध्ये ओलसर मातीत ठेवून काचेच्या बरणीत बंद केला. पतंग कधी बाहेर पडतो याकडे त्यांचे डोळे लागलेले, आणि मातीतून उगवलं काय, तर नेच्याचं रोप! एरवी शहराच्या धुरकट हवेत त्यांचे नेचे जगत नव्हते. बरणीत मातीतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरत होती, ओल टिकत होती. पुढे अशाच काचपेट्यांतून झाडं जहाजानं समुद्रापार जाऊ लागली. घरात झाड वाढवताना हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण एसीच्या कोरड्या हवेत उजेडाइतकीच ओलाव्याचीही मारामार असते. त्यात अनंत म्हणजे रुसकं झाड. हवा कोरडी झाली, कुंडीची जागा बदलली की भरल्या कळ्या गाळून मोकळा होतो. त्याला माती आम्लधर्मी लागते. ती तशी नसेल तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडत जातात. आणखी एक गोष्ट, पतंगासारखेच ढालकिडेही घरात येत नाहीत. बाहेर मावा आणि पिठ्या ढेकूण या झाडाचा रस शोषणाऱ्या किडी त्यांच्या पोटात जातात, घरात ते काम ओला कापूस घेऊन आपल्याला करावं लागतं.

रातराणीला मात्र मी आत घेत नाही. बंद खोलीत तिच्या वासानं डोकं धरतं. ती खिडकीबाहेर आणि फट बोटभर उघडी, एवढंच आमचं नातं. मोगऱ्याचंही तसं थोडंफार आहे. त्याच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं आणि हेच इंडोल विष्ठेच्या दुर्गंधातही असतं. अगदी किंचित असतं तोवर सुगंधाला त्यानं भारदस्तपणा येतो. कोंडलेल्या हवेत तोच भारदस्तपणा अंगावर येतो.

आणि नाकाचीही एक खोड आहे. फुलाशेजारी जरा वेळ बसलं की वास येईनासा होतो. फूल दरवळतच असतं, नाक सवयीनं गप्प झालेलं असतं. त्यावर उपाय एकच, उठून बाहेर एक चक्कर मारून यायचं. दार उघडताच पहिल्या दोन श्वासांत जे मिळतं, ते मोगऱ्याला उशाशी घेऊन झोपणाऱ्याला मिळत नाही.

थंडीत चाफा पानं झाडून टाकतो आणि कुंडीत नुसता जाडसर दांडका उरतो. तो विश्रांतीत असतो, त्याला जवळजवळ पाणी द्यायचंच नसतं, दिलं तर मुळं कुजतात. पण घरी आलेल्यांना ते बघवत नाही. "अहो, हे वाळलंय," असं म्हणत कुणीतरी पेल्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायला निघतंच. त्या दिवसांत माझं मुख्य काम म्हणजे त्यांना अडवणं.