तेलाची धार

इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला माझे छोटे गॅरेज आहे. जानेवारीतल्या एका सकाळी नानांची जुनी डिझेल अँबॅसेडर दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेला पंधरा किलोचा तेलाचा डबा एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा बसवलेला होता. नाना रामबागेत राहतात. ओळखीच्या एका नमकीनवाल्याकडून ते तळून उरलेले तेल आणतात, महिनाभर निवळत ठेवतात, जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळतात आणि तीन भाग डिझेलला एक भाग या बेताने गाडीत घालतात. त्या आठवड्यात त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. गाडी पुतण्याने चालवत आणली आणि तेल ओतायचे काम माझ्याकडे आले.

हा उद्योग मी कोणाला सुचवणार नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे इंधन प्रचंड दाबाने इंजेक्टरच्या बारीक तोंडातून फवारले जाते तिथे, असले तेल घातले तर इंजेक्टर बदलण्याचा खर्च ठरलेला. नानांची गाडी १४८९ सीसीची, जुन्या धाटणीची. तिच्यात इंधन आधी एका लहान कोठडीत पेटते, म्हणून ती बरेच काही पचवते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, ही हकीकत नाना मला दर सर्व्हिसिंगच्या वेळी ऐकवतात.

पंचवीस वर्षे इंजिने उघडणाऱ्या माणसाला तेल ओतणे कोणी काय शिकवायचे, असे मला वाटत होते. टाकीच्या तोंडात नरसाळे घट्ट बसवले, त्यात बारीक जाळी ठेवली, डबा खांद्यापर्यंत उचलला आणि तिरका केला. पहिला अर्धा मिनिट सगळे ठीक चालले. मग धार गचके देऊ लागली. एकदा बोटभर जाड, एकदा करंगळीएवढी, पुन्हा एकदम जाड. नरसाळ्यातले तेल खाली उतरेना, आणि मी डबा सावरेपर्यंत आतून एक मोठा बुडबुडा वर आला. नरसाळे उसळले आणि दीड-दोन लिटर तेल मडगार्डवरून, चाकावरून फरशीवर पसरले. नाना फक्त एवढेच म्हणाले, "अरे, कालच पॉलिश करून घेतली होती रे."

पुसायला घेतले तेव्हा जाळीकडे लक्ष गेले. तिच्यावर पांढरट रवाळ साय बसली होती. नमकीनवाल्याच्या तेलात पामोलिन होते आणि थंडीत ते गोठू लागले होते. डिझेल सांडले तर त्याचा वास दोन दिवस राहतो, पण ते फडक्याने टिपता येते. खाद्यतेल मात्र उडून जात नाही, आणि त्यात सोयाबीनचे असेल तर ते हवेत हळूहळू घट्ट होऊन धूळ धरणारा चिकट थर बनते. लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घेतले, मग गरम पाणी आणि भांड्यांची पावडर लावून फरशी दोनदा घासली, तरी माझ्या हाताखालचा मुलगा संध्याकाळी त्याच जागी घसरला. तेलकट भुसा आणि कॉटन वेस्ट कोपऱ्यात ढीग करून ठेवू नये, हे मात्र मला ठाऊक होते. असा ढीग आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतो. म्हणून ते अंगणात पातळ पसरून ठेवले.

समोरचे किराणा दुकानदार सेठजी हा सगळा प्रकार ओट्यावरून पाहत होते. त्यांचा जन्म तेलाच्या डब्यांत गेलेला. ते रस्ता ओलांडून आले, डबा पाहिला आणि हसून म्हणाले, "भाईसाहब, तेल देखो, तेल की धार देखो." मग माझ्याच हातातला खिळा घेऊन त्यांनी डब्याच्या तोंडासमोरच्या कोपऱ्यात एक भोक पाडले. बाहेर पडणाऱ्या तेलाची जागा हवेला घ्यावी लागते आणि तोंड एकच असेल तर हवा त्याच वाटेने घुसते, म्हणून गचके बसतात. एवढी साधी गोष्ट मला ब्रेक ऑइलच्या बाबतीत माहीत होती. खाण्याच्या तेलाशी तिचा संबंध मात्र मी कधी जोडला नव्हता.

टाकीचेही तसेच होते. तेल आत जायचे तर आतली हवा बाहेर यायला हवी, आणि मी तर नरसाळे बुचासारखे ठोकून बसवले होते. डिझेल पातळ असल्यामुळे अशी चूक निभावून जाते. सेंटिस्टोक या दाटपणाच्या मापात सोयाबीनचे तेल ४० अंशांवरही सुमारे ३२ भरते, तर डिझेल २ ते ४.५. थंडीत हा फरक आणखी वाढतो.

दुसऱ्या वेळी डबा अर्धा तास कढत पाण्याच्या घमेल्यात ठेवला. रवाळ साय विरघळली, तेल पारदर्शक झाले. नरसाळे आणि टाकीचा गळा यांच्यामध्ये वाकवलेली तार अडकवून हवेला फट ठेवली. डबा खांद्यावर घेण्याऐवजी लाकडी ठोकळ्यावर आडवा टेकवला, त्याचे नवे भोक वरच्या बाजूला राहील असे पाहिले आणि नरसाळे अर्ध्याच्या वर भरू दिले नाही, कारण टाकी भरली तर नरसाळ्यात उरलेले तेल जाणार कुठे? मडगार्डवर जुनी चादर अंथरली होतीच. धार मनगटाएवढ्या उंचीवरून, न तुटता, न थरथरता आत जात राहिली. मागचा मुलगा श्वास रोखून पाहत होता. खरे तर मीही.

थांबण्याची वेळ सर्वांत नाजूक. तेलाची धार डिझेलसारखी पटकन तुटत नाही, डबा सरळ केला तरी काठावरून ओघळ येतच राहतो. डबा उचलताना थोडा फिरवला, काठ फडक्याने टिपला आणि नरसाळे दहा मिनिटे तसेच निथळू दिले. तेल डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसू नये म्हणून पुतण्याला गाडीची एक फेरी मारून आणायला सांगितले. परत आली तेव्हा धुराला शेवेचा वास होता.

रिकामा डबा मी रात्रभर पातेल्यावर पालथा ठेवला. सकाळी पातेल्यात वाटीभर तेल जमले होते. दुपारी नानांचा फोन आला आणि त्यांनी प्रथम त्याचीच चौकशी केली.