चेरीच्या बागेवरची तार

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची परिसरात चेरी तोडणीला आलेली असताना पाऊस झाला की हेलिकॉप्टरवाल्यांना फोन जातात. देठाजवळच्या खळग्यात पाणी साचतं, साल ते पिते आणि फळ तडकतं. आम्ही शेंड्यांच्या जेमतेम काही फूट वरून, चालत गेल्यासारखे ओळीओळीनं फिरतो. पंख्याच्या वाऱ्यानं पाणी झडतं. माझ्या बाबांची निफाडला द्राक्षबाग आहे. अवकाळी झाला की मणी तडकू नयेत म्हणून तेही ट्रॅक्टरला ब्लोअर लावून धावतात. शेतकऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मी लहानपणापासून बघितलंय. त्या दिवशी चुकलो तोही त्यापायीच.

जूनमधली सकाळ. ठरलेली बाग मी आदल्या दिवशी पायी फिरून पाहिली होती. खांब, तारा, गारठ्यापासून मोहोर वाचवायला उभारलेले उंच पंखे, सगळं नकाशावर लाल पेननं मांडलं होतं. ती बाग नीट झाली. इंधनासाठी उतरलो तेव्हा मालक म्हणाला, "पलीकडचा तुकडाही माझाच आहे, दहा मिनिटांचं काम." तो तुकडा माझ्या नकाशात नव्हता. त्याचा चेहरा पाहिला आणि हो म्हणून बसलो.

तिसऱ्या ओळीत समोर हवेत पाण्याचे थेंब दिसले. एका रेषेत लटकलेले. ऊन तिरपं नसतं तर तेही दिसले नसते. तार दिसत नाही, खांब शोधायचा असतो, हे पहिल्या दिवसापासून शिकलेलं. पण खांब पॉपलरच्या उंच झाडांच्या रांगेत पार बुडाला होता. माझ्या आर-44 हेलिकॉप्टरचा पंखा सुमारे 10 मीटर व्यासाचा, पात्याचं टोक माझ्या बरंच पुढे. तारेपर्यंत किती अंतर उरलं होतं, ते आजही मोजवत नाही.

हेलिकॉप्टर पुढे-मागे नेणारी दांडी, म्हणजे स्टिक, अलगद मागे घेतली. हिसका दिला तर शेपूट झाडात जाते. थांबलो, मग सरळ वर उचललं. इतक्या खाली, वेग नसताना इंजिन बंद पडलं तर सावरून उतरायला उंचीच नसते. तो धोका या कामात रोजचाच. तारेचा मात्र मी स्वतः ओढवून घेतला होता.

उतरल्यावर मालकाला म्हटलं, "त्या तुकड्यावर मी आज जाणार नाही." तो बोलला नाही. माझ्याकडून नकाशा आणि पेन घेतलं, गाडीच्या बॉनेटवर पसरून ती तार काढली. मग पलीकडच्या बाजूला आणखी दोन.