पावती आता फेरीलाच जोडलेली

आज आमच्या चालक-नेमणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये खर्चमंजुरी सुरू झाली. टोल, पार्किंग आणि रात्रभत्त्याच्या ज्या पावत्या आजवर चालकांच्या खिशात चुरगळत महिनाअखेरीची वाट पाहत, त्यांचा फोटो आता त्याच ड्युटीच्या क्रमांकाला जोडला जातो आणि गाडी, मार्ग व वेळ जुळल्यास मर्यादेतला खर्च आपोआप मंजूर होतो. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ असला तरी अटल सेतूवर तो बहुतेक गाड्यांना भरावा लागतो, शिवाय फास्टॅग कंपनीच्या खात्याला जोडलेला असेल तर ती रक्कम चालकाला पुन्हा देता येत नाही; हे नियम बसवण्यातच दुपार गेली. संध्याकाळी एका ज्येष्ठ चालकांनी विचारले, "साहेब, पावसात पावती भिजली तर?" अशा खर्चाला पर्यवेक्षकांचीच मंजुरी ठेवली आहे, आणि ती तशीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.