कासुबीची टेकडी: काबाका मुटेसा, त्याची आई आणि त्याच्या बायका

युगांडाला जाणारे बरेच लोक गोरिला बघायला जातात आणि कंपालात फक्त झोपायला उतरतात, पण मला तिथं कासुबी, म्हणजे राजांच्या समाध्यांची टेकडीच बघायची होती. शहरातून बोडाबोडा पकडली (मोटरसायकल टॅक्सी, हेल्मेट मागून घ्याच), ट्रॅफिकमधून वाट काढत टेकडीवर पोचले. जीन्स घातली होती म्हणून दारातच कमरेला गुंडाळायला कापड मिळालं. बुज्जाबुकुला नावाचं ते बोरूचं दारघर ओलांडलं की एकदम मोठं अंगण लागतं आणि समोर ते प्रचंड गवती छप्पर, पार जमिनीपर्यंत उतरलेलं, बाहेरून 31 मीटर व्यास!

हा मुळात राजवाडा. बुगांडा (युगांडातलं जुनं राज्य) याचा काबाका, म्हणजे राजा, मुटेसा पहिला याने 1882 मध्ये बांधला आणि 1884 मध्ये तो गेल्यावर त्याला इथेच पुरलं. नंतर मुलगा म्वांगा, नातू दाउदी च्वा आणि पणतू मुटेसा दुसरा, चौघंही इथेच आहेत. 16 मार्च 2010 ला आग लागून मुख्य घर जळालं, ते परत उभं केलं आणि 2023 मध्ये युनेस्कोने धोक्यातल्या वारशाच्या यादीतून जागा काढली. छपराच्या आतली 52 गोल कडी म्हणजे बुगांडाची 52 कुळं, आणि गवत शाकारायचा मान न्गेये कुळाचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते या घरातल्या बायकांचं स्थान. बुगांडात सगळ्यांना बापाचं कूळ लागतं, फक्त राजघराण्यात आईचं. म्हणजे गादी कुठल्या एकाच कुळाची कधी झालीच नाही, प्रत्येक कुळाला वाटायचं आपल्या मुलीचा मुलगा उद्या काबाका होईल, आणि म्हणून सगळी कुळं आपल्या मुली राजवाड्यात द्यायची. मुटेसाच्या ऐंशीच्या वर बायका होत्या असं सांगतात, त्यामागे हे राजकारण आहे हे कळल्यावर तो आकडा वेगळाच दिसायला लागतो. थोरल्या मुलाला मात्र गादी नाही, हा आणखी एक नियम.

मुटेसा 1856 मध्ये गादीवर आला तेव्हा अगदी तरुण होता, बाप सुन्ना दुसरा वारलेला, भाऊ बरेच. त्याला गादी मिळाली ती प्रधान कायिरा आणि आई मुगांझिरवाझा यांच्या जोरावर. राजाच्या आईला नामासोले म्हणतात, तिचा स्वतःचा वाडा, स्वतःचा दरबार, स्वतःचे सरदार, फक्त मुलाच्या टेकडीवर राहायचं नाही, दोघांच्या मध्ये वाहतं पाणी हवं. राजाबरोबर एका बहिणीलाही मान मिळतो, ती लुबुगा. मुगांझिरवाझा 1882 मध्ये गेली तेव्हा मुटेसाने तिच्यासाठी शवपेट्या करायला अलेक्झांडर मॅके या स्कॉटिश मिशनरीला लावलं, तो मूळचा इंजिनियर. मला यात राजापेक्षा मुलगा जास्त दिसतो.

आधीच्या काबाकांचा खालचा जबडा काढून वेगळ्या देवळात ठेवायची रीत होती. अख्खं पुरलेला मुटेसा हाच सगळ्यात पहिला काबाका. झांझिबारचे व्यापारी आले तेव्हा त्याने काही वर्षं रोजे धरले, 1875 मध्ये शोधप्रवासी स्टॅन्ली आला तेव्हा मिशनऱ्यांना बोलावणं पाठवलं, आणि तरी शेवटपर्यंत ना सुंता केली ना बाप्तिस्मा घेतला. सगळ्यांना दरबारात बसवून ठेवलं, कुणाच्याच हाती गेला नाही. पण त्यानेच मुसलमान झालेल्या स्वतःच्या सेवकांना मारलंही होतं, हे सोडून त्याचं कौतुक करता येत नाही.

आणि त्याच्यामागे पाच वर्षांत घर फुटलं. म्वांगा, किवेवा, कालेमा हे त्याचे तीन मुलगे: म्वांगा 1884 मध्ये गादीवर बसला, 1888 मध्ये त्याला हटवून आधी किवेवा आणि मग कालेमा बसला, 1889 मध्ये म्वांगा परत आला, कालेमाने तर राजघराण्यातल्या भावाबहिणींना जाळून मारलं. शेवटी म्वांगाला इंग्रजांनी सेशेल्सला नेलं, तो 1903 मध्ये तिथेच वारला आणि 1910 मध्ये अवशेष इथे आणले.

अंगणाच्या कडेने जी घरं आहेत ती राजांच्या विधवांची. मूळच्या विधवा कधीच गेल्या, पण त्यांच्या कुळातून बायका येऊन त्यांची जागा घेतात, राजाच्या बायका म्हणूनच राहतात. कारण काबाका मेला असं इथे म्हणतच नाहीत, तो जंगलात गेला म्हणतात, आणि मुख्य घरात सालीच्या कापडाच्या पडद्यामागची जागा म्हणजे ते जंगल. हे कापड मुटुबा झाडाची साल सोलून, मोगरीने बडवून बडवून रुंद करतात, रंग विटकरी.

जाणार असाल तर गाईड तिथलाच घ्या आणि विधवांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वेळ असेल तर होइमा रोडवर वामाला टेकडी आहे, तिथं सुन्ना दुसऱ्याची, म्हणजे मुटेसाच्या वडिलांची समाधी आहे, दोन्ही एका दिवसात होतात.